पूर्वेचं जहाज, पश्चिमेचं जहाज

टँकर येईपर्यंत उन्हात कुठं उभं राहायचं, म्हणून मी त्या दुकानाच्या सावलीला गेले. दुष्काळाचं साल होतं. लातूरला माझ्या ताईला बाळ झालं होतं आणि तिच्या मदतीला मी कंधारहून आले होते. मदत म्हणजे काय, तर घागर घेऊन गल्लीच्या तोंडाशी थांबायचं.

दुकान प्रवासाच्या तिकिटांचं होतं. आतला तरुण खुर्ची घेऊन बाहेर आला आणि सवयीनं विचारता झाला, "कुठं जायचंय तुम्हाला?"

"अटलांटिक महासागर ओलांडायचाय," मी म्हणाले. "पूर्वेकडं जाणाऱ्या जहाजानं की पश्चिमेकडं, ते ठरलं नाही अजून."

त्यानं रिकाम्या घागरीकडं बघितलं... मग माझ्याकडं. हसला मात्र नाही.

"आत या," तो म्हणाला. "नकाशा हाय."

त्याचं नाव चन्नबसव. मूळचा उदगीरचा. उदगीर जिल्हा होणार अशी बोलणी तेव्हा पुन्हा सुरू झाली होती, आणि जिल्हा झाला की तिथं स्वतःचं ऑफिस टाकायचं, असा त्याचा बेत होता. तोवर मामाच्या दुकानात बसून लोकांना काशीला, दुबईला पाठवत होता. स्वतः त्यानं समुद्र पाहिलेला नव्हता.

मी प्रवासी जहाजावर नर्स आहे, हे ऐकल्यावर तर त्याचे प्रश्न संपेनात. मी सांगत गेले. एप्रिलमध्ये जहाज अमेरिकेहून स्पेनला जातं, म्हणजे पूर्वेकडं. ऑक्टोबरमध्ये तेच परत पश्चिमेकडं निघतं. यंदा कुठल्या फेरीला चढायचं ते कंपनीनं माझ्यावर सोडलं होतं. एकदा चढलं की सहा महिने घरी येणं नाही. रविवारपर्यंत कळवायचं होतं.

"पण पाणी तर तेच. फरक काय पडतो?" नकाशावरच्या निळ्या रंगावर त्याचं बोट थांबलं होतं.

पूर्वेकडं जाताना दर एक-दोन रात्रींनी घड्याळ तासभर पुढं सरकवावं लागतं, मी म्हणाले. तेवढी झोप जाते, आणि दवाखान्यात डोकं धरून येणारे वाढतात. पश्चिमेकडं जाताना उलटं. दिवस पंचवीस तासांचा होतो, सगळे निवांत असतात.

तेवढ्यात बाहेर टँकरचा भोंगा वाजला. माझी घागर घेऊन तोच पळाला.

मग रोजचंच झालं. जहाजावर प्यायला पाणी कुठलं, हे त्यानं एकदा विचारलं. समुद्राचंच, मशीनमध्ये गोड केलेलं, म्हटल्यावर त्यानं माझ्या रिकाम्या घागरीकडं बघितलं.

"ते मशीन लातूरला आणा की."

"मशीन आणते. समुद्र तुम्ही आणा."

त्या दिवशी तो पहिल्यांदा मोकळं हसला... आणि मी उगाच नकाशाकडं बघत राहिले.

एकदा टँकर आलाच नाही, तरी मी दुपारपर्यंत तिथंच बसून होते. ताईनं घागरीत डोकावून बघितलं, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि बाळाला मांडीवर घेतलं. मला मात्र एकच गोष्ट कळत नव्हती. जगभरचे प्रश्न विचारणारा हा माणूस माझ्याबद्दल काहीच कसं विचारत नाही? आणि विचारलंच, तर नोकरी सोडा म्हणेल की काय?

शनिवारी मीच विषय काढला. तुम्ही माझ्या जागी असता तर कुठलं जहाज घेतलं असतं, म्हणाले.

"पश्चिमेचं," तो लगेच म्हणाला. "दिवस मोठा, झोप पुरती..."

"हे प्रवाशांचं झालं. तुमचं काय?"

तो टेबलावरचा पेन उघडत राहिला, बंद करत राहिला. मग खाली बघूनच बोलला, "जहाज सोडा असं मी कधीच म्हणणार न्हाई. तुम्ही त्याबद्दल बोलता तेव्हा... लई चांगलं वाटतं बघायला. फक्त उशिराचं घ्या. ऑक्टोबरपर्यंत तुम्ही इथं असाल. माझं कारण तेवढंच हाय."

मी सरळ सांगून टाकलं, "मी पूर्वेचंच घेणार आहे."

"हाव," तो हळूच म्हणाला. चेहरा उतरला तरी त्यानं कॉम्प्युटर पुढं ओढला. "हैदराबादहून विमान बघतो."

"का, ते नाही विचारणार?"

त्यानं मान वर केली.

"पश्चिमेचं घेतलं तर दिवाळी समुद्रावर जाते," मी म्हणाले. "पूर्वेचं घेतलं तर दिवाळीच्या आत घरी येते. आणि तुळशीच्या लग्नानंतर तिथी चांगल्या असतात म्हणे."

"कशाच्या तिथी?" त्यानं विचारलं... आणि विचारता विचारताच त्याला कळलं. कान लाल झाले. उठला, पुन्हा बसला, पुन्हा उठला.

भर दुपारी त्यानं शटर ओढलं. ताईच्या घराकडं आम्ही चालत निघालो. मधे अंतर ठेवून, एकमेकांकडं न बघता... निदान बघत नसल्यासारखं. फाटकाशी आल्यावर त्यानं घाम पुसला, शर्ट नीट केला.

"तुमच्या दाजींना मी काय म्हणू?"

"सध्या दाजीच म्हणा," मी कडी काढत म्हणाले. "दिवाळीनंतर साडू म्हणा."