चढावर थांबायचं नसतं

डोंगरातल्या चेपेलारे गावचे मेतोदीआजोबा ही हकिगत अंधार पडल्याशिवाय सांगत नाहीत. स्की-लिफ्टवर काम करणारी पोरं संध्याकाळी त्यांच्या घरी शेगडीवर हात शेकायला येतात. त्यातलं कुणी गाडी घ्यायची म्हणालं, की आजोबा शेगडीचं दार लोटतात आणि विचारतात, "समोरच्या अतानासचा जावई ऐकून माहीत असेल, कामेन?"

तीन वर्षांपूर्वीची अठरा जानेवारी. संत अतानासाचा सण, म्हणजे त्याच संताचं नाव लावणाऱ्या कामेनच्या सासऱ्यांचा नामदिन. न बोलावता माणसं येणार. केक मात्र घाटापलीकडे, स्मोल्यानच्या दुकानात तयार होऊन पडला होता. कामेन म्हणाला, मी आणतो.

कामेन जर्मनीत कामाला. तिथून तो एक स्पोर्ट्स कार चालवत घेऊन आला होता. जुनीच, पण झकास. गडद हिरवी, दोनच सीटा, जमिनीला टेकलेली, आणि सगळा जोर मागच्या चाकांना. बर्फात अशा गाडीचं तोंड एकीकडे जातं आणि शेपूट दुसरीकडे. त्याचा मेहुणा ल्युबेन अंगणातला बर्फ फावड्यानं ओढत होता. त्यानं आपल्या जीपची किल्ली पुढे केली.

"ही न्या, दाजी. ते खेळणं घेऊन गेलात तर केक गाढवावर लादून आणावा लागेल."

शेजारीपाजारी हसले. मेतोदीआजोबाही हसले. कामेननं किल्ली घेतली नाही.

जाताना घाट नीट पार पडला. परतताना मात्र सहा वाजून गेले होते, काळोख झाला होता आणि बर्फ भुरभुरत होता. कामेनला गाडी चालवता येत होती, त्यात वाद नाही. टायर थंडीचे, बर्फावर पकड धरणारे होते. दुसऱ्या गिअरमध्ये, पाय हलका ठेवून, ब्रेकला न शिवता तो चढत होता. शेपूट सटकली की स्टिअरिंग तिकडेच किंचित वळवायचा, गाडी पुन्हा सरळ. असल्या गाडीत चढावर थांबायचं तेवढं नसतं. थांबलात की मागची चाकं जागच्या जागी फिरत राहतात.

झऱ्याच्या वळणावर दिव्यांच्या झोतात एक माणूस दिसला. अंगात मेंढीच्या कातड्याचा कोट. एक हात वर.

कामेननं त्याला ओळखलं. वरच्या वाडीतला रुसी, मधमाश्या पाळणारा, एकटा राहणारा म्हातारा. लग्नात मधाची बरणी घेऊन आला होता आणि कामेनच्या दोन्ही गालांचे मुके घेऊन गेला होता.

पाय ब्रेककडे गेला. मग त्याला डोळ्यांपुढे ल्युबेन दिसला. जीपला दोर बांधून आपल्याला ओढायला आलेला, सगळ्यांना ऐकू जाईल असं हसणारा.

त्यानं पाय मागे घेतला. सरळ पुढे बघत राहिला, जणू कुणी दिसलंच नाही. रुसीचा हात खिडकीला लागून मागे गेला.

वर पोहोचून फोन करू, असं तो मनाशी म्हणाला.

पुढच्याच वळणावर चाकं फिरू लागली. गाडी थांबली. मग मागे घसरायला लागली. हळू... दरीच्या अंगाला...

आणि मागची बाजू खाली बसली.

कुणी डिकीवर येऊन टेकावं, तशी. चाकांना पकड मिळाली. गाडी चढू लागली.

"रुसीमामा?"

आरशात काही दिसत नव्हतं. मागची काच बर्फानं भरलेली. म्हातारा चालत वर आला असेल, वजन पडावं म्हणून बसला असेल. कामेनचे कान तापले.

"बसा हं," तो म्हणाला. "माथ्यावर थांबतो..."

गाडी एकदाही सटकली नाही. माथ्यावर सपाटीला त्यानं ती थांबवली. मागची बाजू अलगद वर आली.

तो उतरला.

कुणी नव्हतं. रस्त्यावर त्याच्याच चाकांच्या खुणा. पावलांची एकही नाही.

त्यानं हाक मारली नाही. हाक मारायला तोंडच नव्हतं. फोन खिशात होता. तो खिशातच राहिला...

घरी सगळे दारात आले. ल्युबेननं स्वतः केकचा खोका उतरवून घेतला आणि पाहुण्यांसमोर म्हणाला, "मानलं, दाजी." कामेनच्या पुढ्यात राकिया दारूचा ग्लास भरला गेला. आता सांगू, मग सांगू, असं करत तो बसून राहिला. कौतुक चाललं होतं, आणि प्रत्येक शब्दासरशी सांगणं आणखी अवघड होत होतं.

मग ल्युबेनचा फोन वाजला. बर्फ हटवणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर होता. ल्युबेन ऐकत ऐकत खुर्चीवर बसला. झऱ्याच्या वळणावर रुसी सापडला होता, दगडाला टेकून बसलेला. दुपारीच गेला असणार. अंग लाकडासारखं झालं होतं आणि वर बर्फाचा जाड थर होता.

"नाही," कामेन बोलून गेला. "सहानंतर उभा होता तो. मला हात केला त्यानं."

मेलेला माणूस उभा कसा राहील, असं कुणीही विचारलं नाही. सासरे त्याला एरवी जावईबापू म्हणायचे.

"कामेन," ते म्हणाले. "आणि तू थांबला नाहीस?"

"बाबा, चढ होता..."

सासऱ्यांनी हात लांब करून त्याच्या पुढ्यातला ग्लास उचलला आणि आपल्याजवळ ठेवला. पाहुणे एकेक करून कोट घालू लागले. केक कुणी कापला नाही.

रात्री बायकोनं त्याची समजूत घातली, थांबला असतास तरी काय उपयोग होता, तो तर आधीच गेला होता. कामेन म्हणाला, "ते मला कुठं माहीत होतं? मी जिवंत माणूस सोडून आलो."

रुसीला पुरायच्या दिवशी तो सगळ्यांच्या मागे उभा राहिला. दुसऱ्या दिवशी बसनं जर्मनीला गेला. गाडीची किल्ली खिळ्याला लटकवून गेला. गाडी अजून अंगणातच आहे. विकायची म्हटलं तर घ्यायला कुणी येत नाही.

इथवर आलं की आजोबा उठून खिडकीचा पडदा सारतात आणि पोरांना जवळ बोलावतात.

समोर अतानासच्या अंगणात दिवा असतो. बर्फ पडत असतो. गाडीच्या टपावर, बोनेटवर, काचांवर वीतभर बर्फ साचलेला.

डिकीवर मात्र, एक माणूस बसेल एवढी जागा कोरडी.