कर्ता गाळलेली वाक्यं

चंद्रतळाच्या नियंत्रण कक्षात शिरताच डॉ. मंजिरी तांडेलने हातातली पाटी टेबलावर आदळली.

"वाच हे, रॉबी. 'ऑक्सिजन सप्लाय वॉज रिड्यूस्ड.' यास्मिन चौथ्या विभागात पंप दुरुस्त करताना गुदमरून मेली, आणि संचालक बर्वेंना एवढंच लिहायला सुचलं?"

रॉबी तुस्कानो तळाचा नियंत्रण अभियंता. बोललेले इंग्रजी हुकूम ऐकून तळ चालवणाऱ्या यंत्रमेंदूची देखभाल त्याच्याकडे, त्याची भाषा मंजिरीकडे. पाण्याचं काम बघणारी यास्मिन पटवेकर दोघांचीही मैत्रीण होती.

"झडप यंत्रमेंदूनेच फिरवली," तो म्हणाला. "पण हुकूम कुणाचाच नाही. 'रिड्यूस द सप्लाय' म्हटलं, की तो आधी नाव विचारतो. तसं काही घडलेलंच नाही."

मंजिरी थबकली. मग तिचा आवाज चढला. "पॅसिव्ह! 'द सप्लाय इज रिड्यूस्ड' म्हणाले असतील. कर्म उचलून पुढे आणायचं, 'इज' जोडायचं, क्रियापदाचं तिसरं रूप लावायचं. करणारा 'बाय' लावून शेवटी ठेवायचा, नाहीतर चक्क गाळायचा. तरी वाक्य शुद्धच!"

"आणि यंत्रमेंदूला तो हुकूम वाटत नाही, बातमी वाटते," रॉबी सावकाश म्हणाला. "पुरवठा कमी केलेला आहे अशी बातमी आली, झडप तर पूर्ण उघडी. मग तो झडपच बातमीशी जुळवून घेतो. बर्वेंना हे ठाऊक आहे. ऑक्सिजन संयंत्र कमी पडतंय, हे पृथ्वीवर कळू द्यायचं नव्हतं त्यांना, म्हणून गुपचूप बचत. पण सिद्ध कसं करणार? बातमी देणाऱ्याचा आवाज साठवला गेलेला नाही."

"साठवला गेला नाही म्हणू नकोस!" ती ओरडली. "आपण साठवला नाही. हे यंत्र तू आणि मी असं बनवलं."

त्याच दिवशी तिने यंत्रमेंदूला नवा नियम शिकवला आणि साऱ्या तळाला कळवला: ज्या वाक्यात करणारा नसेल, त्याचा करणारा म्हणजे बोलणारा.

चौकशीचं काम इंग्रजीत होतं, कारण तळ अनेक देशांचा. अध्यक्षा वसुधा शेंडगे पृथ्वीवरून बोलत होत्या, बोललेलं सगळं यंत्रमेंदू पडद्यावर उतरवत होता. बर्वेंनी घसा बसल्याचं सांगून निवेदन लेखी दिलं. शेंडगेबाईंनी ते मोठ्याने वाचायला घेतलं. "ऑक्सिजन सप्लाय वॉज रिड्यूस्ड."

पडद्यावर अक्षरं उमटली: 'आय रिड्यूस्ड द ऑक्सिजन सप्लाय. वसुधा शेंडगे.'

बाई संतापून मराठीवर आल्या. "हा काय पोरखेळ आहे? मी पृथ्वीवर आहे!"

"ठाऊक आहे, मॅडम," मंजिरी म्हणाली. "करणारा वाक्यात नाही, म्हणून ज्याच्या तोंडी वाक्य, त्याच्या माथी काम. 'बाय' लावून नाव घ्या. यंत्र ते नाव लिहील."

"कुणाचं घेऊ? इथे नावच नाही!"

"मी पहिल्या दिवसापासून तेच विचारतेय!"

बाईंनी सचिवांना वाचायला सांगितलं. सचिवांनी पडद्याकडे पाहून मान हलवली. उपसंचालकांनी हात पाठीमागे नेले. जे वाक्य आठवडाभर सगळ्या तळावर बिनदिक्कत फिरत होतं, ते आता उच्चारायला कुणी तयार होईना.

"बर्वे, तुमचं निवेदन तुम्हीच वाचा."

"हा सापळा आहे," बर्वेंना बोलावंच लागलं. घसा ठणठणीत होता. "या नियमाने कुणीही गुन्हेगार ठरेल."

"म्हणूनच तुमच्याऐवजी कुणी वाचत नाहीये," बाई म्हणाल्या.

बर्वे उठले. "सप्लाय वॉज..." म्हणून थांबले. 'बाय' लावण्यासाठी त्यांनी एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. कुणीही नजर खाली घेतली नाही.

"मी कमी केला," ते शेवटी मराठीत म्हणाले. "विभाग रिकामा आहे असं वाटलं मला."

रॉबीने डोळे मिटले. मंजिरीचा राग मात्र तसूभरही उतरला नाही.

"खाली यास्मिनबद्दल आणखी एक वाक्य आहे," ती म्हणाली. "'हर कॉल्स वेअर नॉट आन्सर्ड.' तेही वाचा."