कॅमेरा बंद ठेवणारा मुलगा

आमची ओळख झाली ती माझ्या चुकून चालू राहिलेल्या माइकमुळे. दंतवैद्यकाचं पहिलं वर्ष. कॉलेज सुरू होऊन जेमतेम तीन आठवडे झाले आणि टाळेबंदीमुळे बंद पडलं. वर्ग मोबाईलवर आले. सर पडद्यावर दाढेचे उंचवटे दाखवत होते. मी स्वयंपाकघरात सरावासाठी मेणाच्या ठोकळ्यातून दाढ कोरता कोरता म्हणाले, "आई, असं शिकून डॉक्टर झाले ना, तर पहिला तुझाच दात काढीन!"

कुणीतरी खो-खो हसलं. सरांनी शिक्षा सुनावली — ऑनलाइन शिक्षण मुलांना कसं वाटतं, याची पाहणी करा, वर्गातल्या शंभर जणांना फोन करून. "आणि तो हसणारा? तोही हिच्यासोबत!"

हसणाऱ्याचा कॅमेरा कायम बंद. ओळखत होते ते फक्त आवाजाला. रोज दुपारी चारला त्याचा फोन यायचा.

"बावन्न जण म्हणतात, हाताला काहीच येत नाही," मी ऐटीत सांगितलं.

"आणि अडतीस म्हणतात, लेक्चर मागे नेऊन पुन्हा ऐकता येतं. मी त्यांच्यातला. कट्टर!"

"मग कॅमेरा लावायला का लाजतोस?"

"मला पाहून भाळलीस, तर पाहणी एकतर्फी होईल…"

"तोंड बघ आरशात!"

फोन ठेवून मीच आरशात पाहिलं. कान लालबुंद झाले होते.

पाहणी दोन आठवड्यांत संपली. फोन काही संपले नाहीत.

वर्ष सरता सरता कॉलेज उघडलं. सगळ्यात जास्त नाचले ती मी. पण प्रयोगशाळेत त्याची जागा रिकामीच. चौथ्या दिवशी मीच फोन लावला.

"मी यंदा कॉलेज सोडतोय… तू नीट शीक," एवढंच बोलून त्याने ठेवून दिला.

मैत्रिणीकडून पत्ता काढला आणि रविवारी बस पकडली. दार एका उंच, किडकिडीत मुलाने उघडलं. हातात वाटी-चमचा. आत पलंगावर त्याची आई, डावं अंग लुळं पडलेलं. वडील बोटीवर नोकरीला. वर्षभर तो त्या पलंगाशी बसूनच लेक्चर ऐकत होता. आणि मी त्याला लाजाळू ठरवत होते!

"सांगितलं का नाहीस?"

"तू भांडायची थांबली असतीस… मला तेच तर हवं असायचं."

"हीच का… भांडकुदळ?" आई अडखळत म्हणाल्या. "चार वाजायच्या आधीपासून… घड्याळ बघतो."

"आई, पुरे ना!"

मी त्याच्या हातातली वाटी घेतली. "वही आण. आठवडाभरात काय काय झालं ते दाखवते. दर रविवारी येईन."

"कशाला?"

"कारण…" मी वाटीत चमचा फिरवला. "कारण आवडतोस तू मला. झालं?"

त्याने आईकडे एक नजर टाकली. मग हळूच म्हणाला, "पुन्हा म्हण ना… आईला नीट ऐकू आलं नसेल."

"मला आलंय," आई म्हणाल्या. "तू बोल आता."

तो बोलला… पण इतकं हळू, की ते माझ्यापुरतंच राहिलं.

पुढच्या वर्षी वडील घरी परतले आणि तो पुन्हा कॉलेजात आला; पदवी त्याने माझ्यानंतर वर्षाने घेतली. आमच्या लग्नात सासूबाई खुर्चीत बसून होत्या, आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला अडखळत, पण अगदी ठसक्यात सांगत होत्या — "आधी बोलली… ती हीच!"