जुन्या नेटवर्कवरचं चौथं

सप्तापूरला आमच्या भाड्याच्या घरात वाय-फायवरून रोज सकाळी कटकट व्हायची. माझा लॅपटॉप आणि आम्हा नवराबायकोचे फोन नवे. टीव्ही, प्रिंटर आणि सासूबाईंचा टॅब मात्र आठ-दहा वर्षांपूर्वीचे. ते नेटवर्कवरून सारखे तुटायचे. प्रिंटर तर नेमका कॉलेजला निघायच्या वेळी मुका. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या टॅब माझ्या नाकासमोर धरायच्या. "पद्मा, ह्ये बघ. परत गोल फिरायलंय."

राउटर बसवणारा महेश म्हणाला, "मॅडम, नव्याजुन्याला एका दावणीला बांधू नका. दोन नेटवर्क करा, दोन पासवर्ड."

मी पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, फिजिक्स शिकवते. हे मला आधीच सुचायला हवं होतं. एकाचं नाव ठेवलं 'पद्मा-नवं', दुसऱ्याचं 'पद्मा-जुनं'.

चार दिवस शांततेत गेले. पाचव्या दिवशी राउटरच्या यादीत 'जुनं'वर चार वस्तू दिसल्या. टीव्ही, प्रिंटर, टॅब. चौथीपुढे नावच नव्हतं.

शेजारचं कुणीतरी फुकटात वापरतंय, असं समजून मी पासवर्ड बदलला. आता तो तिन्हीकडे पुन्हा घालायचा. टीव्हीवर तर रिमोटने एकेक अक्षर शोधत बसायचं. रिमोट हातात घ्यायच्या आधी सहज यादी पाहिली. तिन्ही तुटलेली होती. चौथं जोडलेलं होतं.

आठवड्यात चार वेळा बदलला. कुठे लिहिला नाही, कुणाला सांगितला नाही. प्रत्येक वेळी चौथं आधी हजर.

माझा नवरा प्रेमानंद वैतागला. "घर आहे का बँकेचं लॉकर? मॅच बघू दे की गं!"

आत्या भरदिवसा पेंगायला लागल्या होत्या. जेवताना घास हातातच राहायचा.

रविवारी सकाळी मी केलगेरीच्या तलावावर चालायला गेले. घरापासून चांगलं तीन किलोमीटर. बांधावर आल्यावर फोनकडे पाहिलं, तर त्यानं 'पद्मा-जुनं' पकडलेलं. सिग्नल पूर्ण. आमच्या स्वयंपाकघरातही एवढा येत नाही.

प्रेमानंदला फोन लावला. "राउटर बंद कर."

"आता आणि काय?"

"कर म्हणते ना!"

"केला. त्याचे दिवे गेले सगळे."

सिग्नल तसाच होता.

मी पुढे चालत गेले. कमी झाला. मागे फिरले. वाढला. पाण्याजवळच्या दगडावर एक बाई बसली होती. माझ्याच वयाची असेल. हिरवं इरकल नेसलेली, पाय पाण्यात. हातात काही नव्हतं. फोन नाही, पिशवी नाही.

मी तोंड उघडायच्या आधी तीच बोलली. आवाज अगदी कंटाळलेला.

"अक्का, ते सारखं बदलू नका हो. दर वेळी तुमच्या सासूला उठवावं लागतंय."

मी रिक्षा करून घरी आले. आत्या आतल्या खोलीत झोपल्या होत्या. श्वास नीट चालला होता. प्रेमानंदला सगळं सांगितलं.

"असेल कुणीतरी ओळखीची," तो म्हणाला.

"पासवर्ड बदलल्याचं तिला कुणी सांगितलं?"

प्रिंटर गेला खड्ड्यात. मी राउटर सुरू केला आणि 'जुनं' कायमचं पुसून टाकलं. एकच नेटवर्क ठेवायचं, त्याला एकच नवा पासवर्ड. शेवटचा. मनातल्या मनात जुळवत मी तो टाइप करू लागले.

आतून आवाज आला. आत्यांचाच, झोपेतला, जड. त्या अक्षरं सांगत होत्या. इंग्रजी, एकेक करून.

आत्या कन्नड शाळेत तिसरीपर्यंत गेल्या. इंग्रजी त्यांना येत नाही.

माझं बोट सातव्या अक्षरावर थांबलं.

आतून आठवं आलं. बरोबर होतं.

मग नववं. ते मी अजून ठरवलं नव्हतं.