राणी सरळ विचारते

इबादानच्या बोडिजा बाजारात भजी तळणारी बाई एका उंच तरुणाला काही केल्या भजी देईना.

"चल, निघ. काल राजाचे कान तूच भरलेस ना? बिचारी राणी हकनाक मेली."

"अहो मावशी, नाटक होतं ते..." तो काकुळतीला आला.

"नाटकात इतकं गोड खोटं बोलतोस, मग घरी काय करत असशील?"

शेजारी उभ्या असलेल्या अबेनीला हसू आवरेना. तिने दोन पुड्या घेतल्या आणि एक त्याच्या हातात ठेवली.

"खलनायकाला खाऊ घालताय... भीती नाही वाटत?"

"तुमची आधीची राणी लग्न करून गेली ना? तिच्या जागी उद्यापासून मी. मारणाऱ्याशी ओळख असलेली बरी."

त्याचं नाव दिपो. रंगमंचावर तो कधी ओरडत नसे. राजाच्या खांद्यावर हलकेच हात ठेवून म्हणे, "राणीला विचारू नका, महाराज. ती रडेल, आणि तुम्ही विरघळाल." राजा विचारत नसे. राणीपुढे विषाचा पेला येई.

पडदा पडला की तोच दिपो तिच्यासाठी पाणी घेऊन उभा. हरमटानच्या कोरड्या वाऱ्याने तिचे ओठ फुटले, तर त्याने शियाच्या बियांच्या लोण्याची डबी तिच्या आरशापुढे ठेवली. आरशात दोघांची नजर भेटली... आणि तिने ती लगेच वळवली नाही.

मग एकाएकी तो तिला टाळू लागला.

राजाचं काम करणारा कोलापो एका दुपारी तिच्याजवळ येऊन बसला. "तुझ्या भल्यासाठी सांगतो, अबेनी. नव्या राणीला गुंतवायचं आणि मित्रांत हसायचं, ही दिपोची खोडच आहे. पण त्याला विचारू नकोस हं. गोड बोलून फिरवेल तुला."

 अबेनी आंब्याखाली जाऊन थोडं रडली. विचारू नकोस... हे ऐकूनच तर राजाने राणी घालवली होती. ती रोज याच शब्दांनी मरत होती. पण ते नाटकात. तिने डोळे पुसले आणि ताडताड मंडपात गेली.

दिपो नाटकातल्या महालाच्या दाराला खिळे ठोकत होता.

"माझ्यावर हसतोस मित्रांत?"

हातोडी थांबली. "मी? कोण म्हणालं?"

"आधी उत्तर दे."

"नाही. कधीच नाही. पण तुझं... लागोसच्या डॉक्टरशी ठरलंय ना? कोलापोदादा म्हणाला, तिच्यापाशी विषय काढू नकोस, ती अवघडेल."

"लागोसचा साधा कंपाउंडरही मला ठाऊक नाही."

 दिपो खजील झाला. "रोज मीच हे बोलतो... आणि मीच फसलो."

कोलापो मंडपाच्या दारात येऊन थबकला होता. अबेनी त्याच्याकडे वळली. "दादा, मी तुम्हाला आवडत असले तर तसं म्हणायचंत. मी सरळ नाही म्हटलं असतं. पुन्हा असं करू नका."

तो मान खाली घालून निघून गेला.

"आता तुला विचारते," ती दिपोला म्हणाली. आवाज कापत होता, पण ती थांबली नाही. "आवडते मी तुला?"

"त्या बाजारातल्या दिवसापासून... तू?"

"नाहीतर उन्हातून इथवर भांडायला आले असते का? रविवारी घरी ये. आईला सांगायचंय."

"आणि त्यांनी नाही म्हटलं तर?"

"तर पुढच्या रविवारी परत ये," अबेनी म्हणाली आणि दाराचा पुढचा खिळा त्याच्यासाठी धरून उभी राहिली.