सर्जेरावांची नाडी

अक्षरावरून नाडीवाचन निघालं आणि लोकांनी हाताने लिहिणं सोडलं. सोडणारच की! आपलं काळीज कागदावर ठेवून कोण जाईल? सांत्वनाची पत्रंसुद्धा छापील यायला लागली. सहीची वेळ आली की भलीभली माणसं पेन शोधण्यात वेळ काढायची.

विजयाबाई मात्र जुनी पत्रं घेऊन मुद्दाम पुण्याच्या प्रयोगशाळेत आल्या होत्या. पासष्ट वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. वडील सर्जेराव फडतरे, घरचे दादा, एकाहत्तरच्या लढाईनंतर, सीमेवरचे सुरुंग काढताना गेले. विजयाबाई तेव्हा दीड महिन्याच्या. गावाच्या कमानीवर कोरलंय, 'आपली रजा सोबत्याला दिली.' कमानीखालच्या बायका वेगळंच बोलायच्या. मुलगी झाल्याचं कळलं म्हणून रजा दिली, मुलगा असता तर धावत आला असता. आजी तर तोंडावर म्हणायची, पांढऱ्या पायाची.

वडिलांचं चरित्र लिहायला घेतलं होतं, पण ते या एका जागेवर अडलं होतं.

डॉ. पेंढारकर वयाने मुलीसारखी. तिने सगळं नीट समजावलं. "पेन धरलं की बोटाच्या टोकातली नस उडत असते, बाई. दर ठोक्याला पेन केसभर जास्त दाबलं जातं. कागदावर खळगा राहतो. तिरपा उजेड टाकून आम्ही ते खळगे मोजतो. कुठल्या शब्दाला काळीज किती धडधडलं, ते कळतं."

"का धडधडलं ते?"

"ते नाही कळत."

पडद्यावर शेवटच्या पत्रातलं वडिलांचं अक्षर आलं. खाली रेघ, नाडीची.

'पत्र मिळाले. मुलगी झाली, आनंद झाला.' चौसष्ट ठोके. रेघ सरळ.

विजयाबाई बघत राहिल्या. "म्हणजे आनंद नव्हता."

"थांबा बाई. पुढे बघा. 'श्रीपती माने माझ्या शेजारीच गेला.' चौसष्ट. 'रजा कांबळेला दिली.' चौसष्ट. 'जेवण बरे असते.' चौसष्ट. लढाईआधीच्या पत्रांत रेघ कशी नाचते, आईच्या गुडघ्यांची चौकशी करतानासुद्धा. लढाईनंतर ती उठतच नाही. मुलगा झाला असता तरी चौसष्टच राहिली असती. दोष तुमचा नव्हता."

साठ वर्षं या वाक्यासाठी थांबल्या होत्या. आता ते मिळालं, तर घशाशी काहीच आलं नाही.

"एकाच जागी उठलीय," डॉक्टर म्हणाली. "शेवटच्या ओळीत. 'पुढच्या महिन्यात घरी येतो.' 'घरी' या शब्दाला एकशे एकतीस. शेजारी माणूस मरतो तेव्हा नाही, आणि घरी म्हणताना? आम्हाला उलगडा होत नाही."

विजयाबाईंना झाला. त्यांच्या पिंपरूळची रीतच होती. रजेवर आलेल्या फौजीने आपल्या उंबऱ्याला पाय लावायच्या आधी पलटणीतल्या सोबत्याच्या घरी जायचं. पाटावर बसायचं, चहा घ्यायचा आणि तिथल्या आईला सांगायचं, तुमचा पोरगा कसा आहे ते.

"श्रीपतीचं घर वेशीजवळच होतं," त्या म्हणाल्या. "त्याच्या आईने विचारलं असतं, कसा गेला माझा लेक. दादांना सांगावं लागलं असतं. सुरुंग परवडला, तो चहा नको. म्हणून दिली रजा."

डॉक्टरने पत्रं पाकिटात घातली.

कमानीवरचं ते वाक्य विजयाबाईंनी मनात एकदा वाचलं. ते खोटं नव्हतं. नुसतं वाक्य होतं. वडिलांचा राग येईल, निदान दया येईल, म्हणून त्या वाट बघत बसल्या. काहीच वाटेना, आणि त्याचीच त्यांना भीती वाटली.

"पत्रं परत मिळाल्याची सही करा, बाई." डॉक्टरने वही पुढे केली, पेन दिलं.

विजयाबाईंनी पेन कागदाला टेकवलं. आपली रेघ कुणीतरी, कधीतरी, तिरप्या उजेडात बघेल. दादांची बघितली तशी.

चौतीस वर्षं शाळेत घालवली. संध्याकाळच्या वर्गात गावातल्या म्हाताऱ्यांचा हात धरून त्यांना सही शिकवली होती. अंगठा लावायचा नाही, म्हणून रागावल्याही होत्या.

त्यांनी पेन वहीवर आडवं ठेवलं.

"शाईचा पॅड असेल का?" त्यांनी विचारलं. "अंगठा लावते."

डॉक्टरने पॅड काढून दिला.