दहा मिनिटं, मध्ये न बोलता

समुपदेशक बाईंनी पहिल्याच मिनिटाला विचारलं, "तुमच्या लग्नाला किती वर्षं झाली?" आणि पडद्यावरच्या दोन चौकोनांतली दोन माणसं एकदमच म्हणाली, "कुणाच्या?"

चूक कुणाचीच नव्हती, म्हणजे ती ऑफिसची होती. त्या ऑनलाइन समुपदेशन केंद्रात शनिवारी अकराला दोन जोडप्यांची नोंद होती. एका जोडप्याऐवजी त्यांची मुलगी हजर झाली, दुसऱ्याऐवजी नवऱ्याचा धाकटा भाऊ. बिनसलेली नवरा-बायको हल्ली वेगवेगळ्या घरांतून येतात, हे अनुभवाने जाणणाऱ्या कारकुनाने एक बाई पाहिली, एक पुरुष पाहिला आणि दोघांना एकाच खोलीत सोडून दिलं.

मुलगी दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायची. तिचे आई-बाबा तीन आठवडे एकमेकांशी बोलत नव्हते आणि आईने मावशीकडे कायमचं जायला बॅग भरून दाराशी ठेवली होती. आज बाबा आयत्या वेळी फिरायला निघून गेले. आई म्हणाली, "त्या डबड्यासमोर बसून नवऱ्याची गाऱ्हाणी? मला नाही जमायचं." मग कवळीवाली एकटीच बसली. निदान सल्ला तरी पदरात पडावा!

समोरच्या चौकोनात होता लिफ्ट दुरुस्त करणारा एक तरुण. कानामागे पेन्सिल, मागे भिंतीवर लोंबणाऱ्या वायरी. त्याचे दादा-वहिनी त्याच्याच घरात भांडत आणि दोघांचे निरोप तोच पोहोचवी.

"मॅडम, हे माझे मिस्टर नाहीत," ती म्हणाली.

बाईंनी समजुतीने मान हलवली. "असं वाटायला लागतं. अगदी स्वाभाविक आहे."

"अहो, मी यांना ओळखतसुद्धा नाही!" तो म्हणाला.

"बहुतेक नवऱ्यांच्या हे लक्षात यायला पंधरा वर्षं लागतात," बाई लिहून घेत म्हणाल्या. "तुमच्या लवकर आलं. आणि एकमेकांना अहो-जाहो करताय... दुरावा बराच दिसतो."

बाई पाण्याचा ग्लास आणायला उठल्या तेवढ्यात तो कुजबुजला, "सांगून टाकूया का नीट?"

"पुढची तारीख दीड महिन्यानं आहे," ती म्हणाली. "आईची बॅग दाराशी आहे."

"मग तुम्ही आईच्या वतीनं बोला, मी दादाच्या वतीनं. सल्ला घरी जाऊन वाटू."

"तुम्हाला दादासारखं वागता येतं?"

"लहानपणापासून त्याचे जुने कपडे घालतोय."

ती हसली. नेमक्या त्याच वेळी बाई परतल्या आणि त्यांनी वहीत लिहिलं — आशा आहे.

मग गृहपाठ मिळाला. रोज संध्याकाळी सातला फोन. एकाने दहा मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने मध्ये न बोलता ऐकायचं. चार शनिवार होईपर्यंत. बाईंच्या नकळत दोघांनी एकमेकांचे नंबर घेऊन टाकले.

पहिल्या दिवशी तिने आईचा सूर लावला. "एकोणतीस वर्षं तुम्ही पेपरच्या आडून नुसतं 'हं' म्हणताय. माझी बहीण आजारी होती तेव्हाही 'हं'. मी नवे पडदे लावले तेव्हाही 'हं'..." दहा मिनिटं पलीकडे चिटपाखरू नाही. शेवटी तिलाच शंका आली. "आहात ना?"

"आता बोललं तर चालेल?"

"बोला."

"पेपर ठेवला."

तिला का कोण जाणे, एकदम बरं वाटलं. बाबांचा पेपर ठेवला गेला म्हणून बरं वाटलं, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्या शनिवारी बाईंनी एकमेकांच्या डोळ्यांत बघायला सांगितलं. पडद्यावर ही मोठी अडचणीची गोष्ट. त्याच्या डोळ्यांत बघावं तर त्याला ती खाली बघतेय असं दिसणार. तिने थेट बघितल्यासारखं त्याला दिसायला हवं, तर कॅमेऱ्याच्या काळ्या ठिपक्याकडे बघायचं, आणि मग तो दिसणार नाही. तिने तीन मिनिटं ठिपक्याकडे प्रेमाने पाहिलं. ठिपक्यावर इतका जीव आजवर कुणी लावला नसेल.

घरी तिने दहा मिनिटं ऐकण्याचा प्रयोग केला. आईला बोलायला सांगितलं, बाबांना खुर्चीत बसवलं, समोर घड्याळ ठेवलं. सातव्या मिनिटाला आई कडाडली, "बघ, झोपले!"

"ऐकतोय," डोळे मिटूनच बाबा म्हणाले. "सहावा मुद्दा चालू आहे. पडदे."

पडदे त्यांना ठाऊक होते! तिसऱ्या आठवड्यात बॅग पुन्हा माळ्यावर गेली. तिकडे दादा-वहिनीही थेट भांडू लागले होते. ही मोठीच प्रगती, कारण आता मधला माणूस मोकळा झाला होता.

मग खरं तर फोन बंद व्हायला हवेत. झाले नाहीत. आईची गाऱ्हाणी संपली आणि मुलीच्या तोंडी तिची स्वतःचीच वाक्यं यायला लागली.

"मी दिवसभर हसू तयार करते," एकदा ती म्हणाली, "आणि ते कुणाच्या तोंडावर गेलं, ते मला कधीच कळत नाही."

"माझंही तसंच. माणसं वर पोहोचतात आणि निघून जातात. लिफ्टवाल्याची आठवण फक्त मध्ये अडकल्यावर."

"मग तुमची आठवण यायला अडकावंच लागेल म्हणायचं."

पलीकडे काहीतरी पडलं. "पाना," तो म्हणाला. "हातातून सुटला."

आणि तिथूनच तिची घालमेल सुरू झाली. तो मन लावून ऐकत होता, हे खरं. पण तो दरवाजेसुद्धा तीन-तीनदा तपासणारा माणूस! गृहपाठ दिला की गृहपाठ करणार. आपल्याला ऐकतोय की बाईंची आज्ञा पाळतोय? ती ओट्यापासून खिडकीपर्यंत येई, खिडकीपासून ओट्याशी. "पाय दुखतात का गं?" आईने विचारलं. "हं," ती म्हणाली. बाबांनी मान वर करून पाहिलं.

चौथ्या शनिवारी बाईंचा चेहरा फुलला होता. "इतकं सुधारलेलं जोडपं मी पाहिलं नाही. आता गृहपाठ नाही. सुखात राहा."

"थँक यू, मॅडम," तो म्हणाला. क्षणभर थांबला... आणि त्याचा चौकोन काळा झाला.

बस्स? नुसतं थँक यू?

दुपारी प्रयोगशाळेत तिने एका आजोबांचे पुढचे दोन दात उलटसुलट बसवले. मेण वितळवून पुन्हा बसवले, पुन्हा तेच. पाच वाजले, सहा वाजले. घरी येऊन तिने फोन टेबलावर ठेवला, पालथा केला, सुलटा केला. सात वाजले. सात वाजून चाळीस मिनिटं झाली. फोन गप्प. म्हणजे गृहपाठच होता तर! तिने फोन कपाटात ठेवला, कपाट बंद केलं, उघडलं आणि त्याला लावला.

पहिल्या रिंगलाच उचलला गेला.

"आज गृहपाठ नाहीये," ती म्हणाली.

"ठाऊक आहे. सातपासून फोन हातात घेऊन बसलोय. काय निमित्त सांगावं, तेच सुचेना."

"चाळीस मिनिटं?"

"तीन निमित्तं सुचली होती. तिन्ही दादाची निघाली."

ती भिंतीला टेकली. "मग मी बोलते. तुम्ही... तू मध्ये बोलू नकोस." तिने श्वास घेतला. "मला तू आवडतोस. हे आईचं वाक्य नाही. माझं आहे."

लगेच तिला सगळे शब्द परत गिळावेसे वाटले.

"एक मिनिट," तो म्हणाला. "उभा राहतो."

"का?"

"असलं काही बसून ऐकायचं नसतं."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग कशाला तरी ठेच लागल्याचा. मग तो म्हणाला, "हं, आता सांग. पहिल्यापासून."

आणि तिने पहिल्यापासून सांगितलं.